पोटातला मुलूख

हे वाचताना घाई करू नका. बसला असाल तर पाठ जरा सैल सोडा आणि उजवा हात जठरावर ठेवा. बहुतेकांचा हात बेंबीवर जातो. तिथे आतडी असतात. जठर त्याहून वर, बरगड्यांच्या खालच्या कडेशी, मधोमधून डावीकडे कललेलं असतं. हात तिथवर सरकवा. हाताला काही कळणार नाही. आत काय चाललं असेल, तेवढं फक्त मनासमोर आणायचं आहे.

आत आम्ल आहे. बोटावर पडलं तर झोंबेल असं. त्या आम्लाने जठर स्वतःच विरघळून जाऊ नये म्हणून त्याच्या भिंतीवर चिकट श्लेष्माचा थर असतो. थराच्या वरच्या अंगाला सगळं जळजळीत आणि खाली, पेशींच्या लगत, बरंचसं सौम्य. या दोन्हींच्या मधल्या जागेत एक जिवाणू राहतो. लांबी तीन-चार मायक्रॉन, अंगाला पीळ आणि एका टोकाला शेपट्यांचा झुबका. हेलिकोबॅक्टर पायलोरी. युरियाचा अमोनिया करून तो स्वतःभोवतीचं आम्ल मारतो आणि पीळदार अंगाने श्लेष्मात शिरून बसतो. जगातल्या निम्म्याच्या आसपास माणसांच्या जठरात तो आहे. तुमच्या असेल किंवा नसेलही. असला तरी बहुधा तुम्हाला त्याचा पत्ता नसेल, कारण ज्यांच्यात तो राहतो त्यांपैकी बहुतेकांना तो काहीच त्रास देत नाही. काहींना अल्सर होतो. थोड्यांना, पुष्कळ वर्षांनी, जठराचा कर्करोग होतो.

त्याच्या शोधाची गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की इथे दोनच वाक्यं पुरेत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांच्या प्रयोगशाळेतल्या बशा 1982च्या ईस्टरच्या सुट्टीमुळे दोन दिवसांऐवजी पाच दिवस तशाच राहिल्या आणि तो त्यात उगवलेला दिसला. पुढे 1984मध्ये मार्शलनी तो स्वतःच पिऊन पाहिला, आणि 2005मध्ये दोघांना नोबेल मिळालं. ही गोष्ट ऐकताना मार्शलच्या धाडसावर मन रेंगाळतं, ते साहजिकच आहे. पण मनन करायला मला त्याच्यानंतरचं काम जास्त जवळचं वाटतं. त्यात घोटभर रस्सा पिण्याचं नाट्य नाही, नुसतं अक्षर-अक्षर वाचणं आहे.

ते वाचणं कसं होतं, हे आता सावकाश डोळ्यांसमोर आणा. एंडोस्कोपीची नळी घशातून खाली जाते. टोकाच्या बारीक चिमट्याने जठराच्या अस्तराचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा घेतला जातो. त्याला बायॉप्सी म्हणतात. तो तुकडा चुरून रक्त घातलेल्या आगरवर पसरतात आणि बशी 37 अंशांवर, ऑक्सिजन बेताचाच ठेवलेल्या डब्यात ठेवतात. आपण श्वास घेतो ती हवा या जिवाणूला सोसत नाही. मग थांबायचं. तीन दिवस, कधी सात. टाचणीच्या डोक्याहून लहान, पारदर्शक ठिपके दिसू लागतात. त्यातला एक उचलायचा, वाढवायचा, त्याचा डीएनए सोडवून घ्यायचा आणि यंत्राकडून त्यातली अक्षरं वाचून घ्यायची. अक्षरं चारच. त्यांचा क्रम लागला की शेवटी एक बंद वर्तुळ हाती येतं, साधारण 16 लाख अक्षरांचं. त्यालाच जीनोम म्हणतात.

पहिलं पूर्ण वर्तुळ 1997मध्ये छापलं गेलं. वाणाचा क्रमांक 26695, अक्षरं 16,67,867. तो एका ब्रिटिश रुग्णाच्या जठरातला होता. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या एका अल्सरच्या रुग्णाकडून घेतलेला दुसरा आला, जे99. एकाच जातीच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन जिवाणूंची संपूर्ण जनुकं शेजारी ठेवून पाहण्याची ती पहिलीच वेळ. दिसलं ते असं : शंभरातली सहा-सात जनुकं एकात आहेत तर दुसऱ्यात नाहीत. जी दोन्हींत आहेत त्यांच्यातही अक्षरं जागोजाग वेगळी. दोन अनोळखी माणसं घेतली तर त्यांच्या डीएनएत हजार अक्षरांमागे साधारण एक वेगळं निघतं. त्या दोघांच्या जठरातले जिवाणू घेतले तर शंभरामागेच काही अक्षरं बदललेली असतात.

इथे थोडं थांबायला हरकत नाही. आपल्यापेक्षा आपल्यात राहणारे एकमेकांपासून कितीतरी दूर गेलेले आहेत. याची कारणं दोन. हा जिवाणू नक्कल करताना चुका फार करतो, आणि आपल्या जातीतला दुसरा कुणी शेजारी भेटला तर त्याच्या डीएनएचे तुकडे सहज उचलून स्वतःत घालतो. म्हणजे जे जिवाणू एकत्र राहिले त्यांची अक्षरं एकमेकांत मिसळली, आणि ज्यांची कधी गाठच पडली नाही ते वेगळ्या वाटांनी गेले. भेटीगाठींचा हिशेब त्यात आपोआप राहतो. ठेवायचा म्हणून कुणी ठेवलेला नसतो.

मग भेट कुठे होते? हा जिवाणू हवेतून पसरत नाही. तो बहुधा लहानपणीच, घरातच लागतो. आईकडून, भावंडांकडून, आजीकडून. भरवताना, चाखून पाहताना, ओकारी पुसताना. जिथे पाणी आणि जागा दोन्ही अपुरी तिथे शेजाऱ्याकडूनही. एकदा बसला की औषध घेतल्याशिवाय सहसा जात नाही. घरातलं विरजण जसं पिढ्यान्‌पिढ्या चालतं, कालच्या दह्यातून आजचं, तसाच हा चालत आला आहे. फरक इतकाच की विरजण बिघडलं तर शेजारून वाटीभर मागता येतं आणि ते आपण जाणूनबुजून लावतो.

आता मागे जाऊ या. तुम्हाला पहिला घास कुणी भरवला असेल, तो चेहरा आठवा. आठवत नसेल तर कुणीतरी सांगितलं असेल ते आठवा. बहुधा तो आईचा असेल. तिला कुणी भरवला? तिच्या आईने, म्हणजे तुमच्या आजीने. तिला पणजीने. पणजीचं नाव माहीत असलेले थोडेच असतील, खापरपणजीचं तर कुणालाच ठाऊक नसतं. नावं संपली तरी माणसं संपत नाहीत, म्हणून तसेच मागे चला. 2003मध्ये डॅनियल फालुश, मार्क आख्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या या जिवाणूंची सात जनुकं तपासली तेव्हा त्यांचे मुलखाप्रमाणे गट पडले. आफ्रिकेतले वेगळे, युरोपातले वेगळे, पूर्व आशियातले वेगळे. न्यूझीलंडच्या माओरींमधले आणि अमेरिका खंडांतल्या मूळ रहिवाशांमधले मात्र पूर्व आशियाच्या घरातले निघाले, कारण ती माणसं तिकडूनच गेली होती. 2007मध्ये आणखी एक हिशेब आला. आफ्रिकेपासून जसजसं दूर जावं तसतशी माणसांतली विविधता कमी होते, तशीच या जिवाणूतलीही होते. त्यावरून माणूस पूर्व आफ्रिकेतून बाहेर पडला तेव्हा, सुमारे 58,000 वर्षांपूर्वी, हा जिवाणू त्याच्या जठरात होताच, असा निष्कर्ष निघाला. पंचवीस वर्षांची एक पिढी धरा. दोन हजार तीनशेच्या आसपास आया होतात. एका मोठ्या मंगल कार्यालयात मावतील इतक्या.

ही रांग मनात असू द्या आणि लडाखला या.

लडाखमध्ये बौद्ध आणि मुसलमान एकाच खोऱ्यात, त्याच थंडीत, त्याच नद्यांच्या काठी राहत आले आहेत. 2004मध्ये छापलेल्या एका अभ्यासात दोन्ही समाजांतल्या लोकांच्या जठरातले जिवाणू तपासले होते, आणि माणसांचा स्वतःचा डीएनएही. माणसांच्या डीएनएत दोन समाज जेमतेमच वेगळे दिसत होते. जिवाणूंत ते स्पष्ट वेगळे दिसले. बौद्धांच्या जिवाणूंत तिबेटकडून आलेल्या लोकांची खूण मोठी होती. मुसलमानांच्या जिवाणूंत जुनी लडाखी खूण जास्त टिकून होती, आणि काहींत पश्चिमेकडून आलेल्यांची. इतिहासाच्या पुस्तकांत या स्थलांतरांचा जो क्रम आहे त्याच्याशी हे जुळलं.

हे वाचून मनात पहिला विचार काय आला ते तपासा. जिवाणूला धर्म कळत नाही, हे तर उघडच आहे. त्याला एवढंच कळतं की कोणत्या मुलाला कोणत्या चुलीवरचं मिळालं आणि कुणाच्या हाताने मिळालं. ज्या दोन घरांत पोरांचं एकमेकांकडे जेवणंखाणं नाही, त्यांच्या जिवाणूंची अक्षरं मिसळत नाहीत. भिंत माणसांनी घातली आणि नोंद जिवाणूंत राहिली. मला हा अभ्यास अस्वस्थ करतो तो याच कारणाने. आपण ज्याला संस्कृती म्हणतो त्यातला बराचसा भाग कोण कुणाकडे जेवतो एवढाच आहे की काय, असं वाटून जातं. पंगतीत कोण बसायचं आणि कोण नाही यावर ज्या समाजाने इतका खल केला, त्या समाजातल्या माणसाने या प्रश्नाशी जरा जास्त वेळ बसावं.

लडाखहून आणखी एका थंड जागी जाऊ, पण तिथे फार रेंगाळायचं नाही. 1991मध्ये ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवरच्या बर्फात एक प्रेत सापडलं. 5,300 वर्षांपूर्वीचं. त्याला सगळे ओट्झी म्हणतात. शरीर सुकताना त्याचं जठर मूळ जागेवरून वर सरकलं होतं, त्यामुळे ते ओळखायलाच कितीतरी वर्षं गेली. 2016मध्ये त्याच्या जठरातल्या जिवाणूचा जीनोम जुळवून प्रसिद्ध झाला. युरोपच्या या माणसात आजचा युरोपी वाण निघेल अशी अपेक्षा होती. निघाला तो मध्य आणि दक्षिण आशियात आज आढळणाऱ्या वाणाचा जवळचा नातेवाईक. त्याच्याशी सर्वांत जास्त जुळणारे आजचे नमुने उत्तर भारतातले होते. आज ज्याला युरोपी वाण म्हणतात तो एक आशियाई आणि एक आफ्रिकी अशा दोन जुन्या वाणांची सरमिसळ आहे, आणि ओट्झीच्या जिवाणूत आफ्रिकी भाग जवळजवळ नाहीच. म्हणजे बरीचशी सरमिसळ त्याच्यानंतरची. ‘मूळ युरोपी’ असं काही त्या जठरात सापडलं नाही.

आता कोलंबिया. इथे मात्र निवांत बसू.

देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात नारिन्यो नावाचा प्रांत आहे. त्यात तुमाको हे पॅसिफिकच्या काठावरचं दमट गाव, खाडीचं, माशांचं. तिथून रस्ता अँडीज पर्वत चढत तुकेर्रेसला जातो, समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार मीटर उंचीवर. तिथे बटाट्याची शेती आणि थंडी. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. दोन्हीकडे दहांतल्या नऊ माणसांच्या जठरात हेलिकोबॅक्टर. पण जठराचा कर्करोग डोंगरात दर लाख माणसांमागे वर्षाला दीडशेच्या आसपास, आणि किनाऱ्यावर सहाच्या आसपास. पंचवीस पट फरक.

पेलायो कोर्रेआ या कोलंबियन विकृतिशास्त्रज्ञाने या मुलखाचा कित्येक दशकं अभ्यास केला. जठराची साधी सूज, मग अस्तर विरळ होणं, मग जठराच्या पेशींनी आतड्यासारखं रूप घेणं आणि त्यानंतर कर्करोग, हा जो उतार आज वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात तो त्याने मांडलेला. किनारा आणि डोंगर यांच्यातल्या फरकाची कारणं शोधताना आहार पाहिला गेला, मीठ, भाज्या, मासे, पोटातले जंतही पाहिले गेले. प्रत्येकात थोडं थोडं उत्तर होतं.

मग जिवाणूंची अक्षरं वाचली गेली. तुमाकोतले लोक मुख्यतः गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज, आणि त्यांच्या जठरातले बहुसंख्य जिवाणूही आफ्रिकी वाणाचे. तुकेर्रेसचे लोक बव्हंशी अँडीजच्या मूळ रहिवाशांचे वंशज, पण त्यांच्यातले जिवाणू युरोपी वाणाचे, म्हणजे स्पॅनिश लोकांबरोबर आलेले. जुना अमेरिकी वाण तिथे जवळपास दिसतच नाही. 2014मध्ये माणसांची आणि जिवाणूंची वंशावळ एकत्र मांडली गेली तेव्हा निघालं ते असं : आफ्रिकी अंशाचा जिवाणू आफ्रिकी वंशाच्या माणसात बराचसा निरुपद्रवी राहतो. तोच अंश असलेला जिवाणू (युरोपी वाणातही तो असतो, हे ओट्झीपाशी पाहिलं) मूळ अमेरिकी वंशाच्या माणसात गेला की अस्तराची जास्त नासाडी करतो. दोन गावांतल्या जठरांच्या इजेत जो फरक होता, तो या जोडीने पुरता उलगडला.

हे पुन्हा, हळू वाचा. आपण ‘घातक जिवाणू’ म्हणतो तेव्हा घातकपणा जिवाणूच्या आत कुठेतरी ठेवलेला आहे असं धरून चालतो. इथे तो त्याच्यात नाही. माणसातही नाही. तो दोघांच्या मधल्या जागेत आहे, आणि त्या जागेचं वय किती यावर तो ठरतो. हजारो वर्षं एकत्र काढलेल्यांनी एकमेकांना सोसायला शिकलेलं असतं. सोसणं म्हणजे प्रेम नव्हे, हेही ध्यानात असू द्या. जिवाणू यजमानाला लवकर मारत नाही कारण यजमान मेला तर त्याचाही कारभार आटोपतो, इतकाच त्यात व्यवहार.

इथून एक निसरडी वाटही फुटते. ‘ज्याने त्याने आपापल्यात राहावं’ असा धडा यातून काढणारे निघतील. तो या पुराव्यातून निघत नाही. डोंगरातली माणसं कुणाशी मिसळली म्हणून आजारी पडली नाहीत. एका राजवटीखाली त्यांच्या घरांत परका जिवाणू शिरला आणि आधीचा नाहीसा झाला. आणि जो शिरला तो स्वतःच दोन खंडांचं मिश्रण होता.

अक्षरांत सगळंच सापडतं, असंही समजू नका. या जिवाणूच्या जीनोममध्ये 40,000 अक्षरांचा एक पट्टा असतो, काही वाणांत असतो आणि काहींत नसतो. त्यातून एक सूक्ष्म सुई तयार होते आणि तिच्यावाटे जिवाणू कॅग-ए नावाचं प्रथिन जठराच्या पेशीत टोचतो. पूर्व आशियातल्या वाणांत या प्रथिनाचा एक तुकडा असा आहे की तो पेशीच्या आतल्या एका एन्झाइमला फार घट्ट धरतो आणि पेशीच्या वाढीची शिस्त मोडतो. पाश्चात्य वाणांत तो तुकडा वेगळा, पकड सैल. जपान आणि कोरियात जठराचा कर्करोग जास्त का, याच्या उत्तराचा एक भाग इथे आहे. जपानचंच ओकिनावा बेट पाहिलं तर तिथे हा कर्करोग मुख्य भूमीपेक्षा कमी, आणि तिथल्या काही वाणांत कॅग-ए पाश्चात्य धाटणीचं. इथवर सगळं कसं छान बसतं.

पण भारत त्यात बसत नाही. आपल्याकडे संसर्ग भरपूर आहे, बहुसंख्य वाणांत कॅग-ए आहे, तरी जठराचा कर्करोग जपान-कोरियाच्या मानाने कितीतरी कमी. संशोधकांनी याला आशियाई कोडं म्हटलं आणि ते अजून सुटलेलं नाही. शिवाय भारत म्हणजे एकच काही नव्हे. मिझोरममध्ये हा कर्करोग देशात सर्वांत जास्त आढळतो, आणि तिथे तंबाखूचा धूर मुरवलेलं ‘तुइबुर’ हे पाणी तोंडात धरण्याची सवय आणि धुरी दिलेलं मांस या दोन्हींकडे बोट दाखवलं गेलं आहे. वाण, यजमान, ताट, व्यसन. यातलं एकच उचलून त्याच्यावर सगळा भार टाकायचा मोह होतो. विशेषतः जो भाग यंत्राने वाचता येतो त्याच्यावर. 16 लाख अक्षरांचा ताळेबंद समोर असला की मिठाच्या बरणीचा हिशेब कोण विचारणार?

तरी वाचणं चालूच आहे, आणि त्याने दवाखान्यातही फरक पडतो. 2023मध्ये एका जागतिक प्रकल्पाने 50 देशांतले 1,011 संपूर्ण जीनोम एकत्र मांडले. क्लॅरिथ्रोमायसिन हे या जिवाणूवरचं नेहमीचं अँटिबायोटिक. एकाच ठरावीक जनुकातलं एक अक्षर बदललं तर ते औषध त्याच्यावर चालत नाही, आणि असे बदललेले जिवाणू कुठे किती आहेत हे मुलखागणिक वेगळं असतं. तुमच्या तपासणीच्या कागदावर मात्र एवढंच असतं, ‘पॉझिटिव्ह’. पुढे दोन आठवड्यांच्या गोळ्या. त्या घ्यायच्या, पूर्ण घ्यायच्या. इतक्या जुन्या सोबत्याला असं हाकलायचं का, असा गोड प्रश्न इथे कुणी विचारू नये. ज्याच्या अल्सरमधून रक्त येतं त्याला वंशावळीशी देणंघेणं नाही.

शेवटी एक गोष्ट, जिच्याशी काय करायचं ते मला नीट उमगलेलं नाही. चित्ता, सिंह आणि वाघ यांच्या जठरात या जिवाणूचा एक जवळचा भाऊबंद राहतो. दोघांचे जीनोम शेजारी ठेवल्यावर दिसलं की मांजरकुळातल्या जिवाणूत कितीतरी जनुकं मोडकी, अर्धवट पडलेली आहेत. माणसातल्या जिवाणूत तीच धड आहेत. मोडक्यापासून धड होणं अवघड, धडाचं मोडणं सोपं. तेव्हा तो माणसाकडून तिकडे गेला, तिकडून माणसाकडे आला नाही. 2006मध्ये हे मांडणाऱ्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच प्रश्न होता, कोणी कोणाला खाल्लं. 2024मध्ये त्यात भर पडली. सैबेरियातल्या आणि अमेरिका खंडांतल्या मूळ रहिवाशांत या जिवाणूचा एक वेगळाच जुना प्रकार सापडला. सुमारे शंभर जनुकांत तो बाकीच्यांपासून तुटलेला आहे. त्याच्याकडे युरियाचा अमोनिया करणारं एक जादा एन्झाइम आहे. नेहमीच्या एन्झाइमला निकेल लागतं आणि ते मुख्यतः वनस्पतींतून मिळतं. या जादा एन्झाइमचं लोहावर भागतं, जे मांसात भरपूर. म्हणून हा प्रकार जवळजवळ मांसावरच जगणाऱ्या माणसांच्या जठरासाठी घडला असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. वाघ-सिंहांतला जिवाणू या प्रकारातून निघालेला. पुरेसं मांस खाणारं एक जठर सोडून तो दुसऱ्या तशाच जठरात गेला, आणि मधल्या काळात जे काही घडलं ते घासाच्या वेगाने घडलं असणार.